डेव्हनमधील लांब घरे आणि विखुरलेली वस्ती

प्रश्न: इंग्लंडच्या नैऋत्येकडील डेव्हन परगण्यात मोठ्या गावांऐवजी दोन-चार घरांच्या वाड्या आणि एकांडी शेतघरेच अधिक का आढळतात, आणि तिथल्या डार्टमूर या उंच, ओसाड माळरानावरील जुनी घरे बहुधा उताराच्या दिशेने लांब का बांधलेली असतात, हे कोणी जाणकार सांगतील का?

उत्तर १: घरांपुरते सांगतो. मध्ययुगातील या ग्रॅनाइटच्या घरांत माणसे आणि गुरे एकाच दारातून आत येत. आडव्या बोळाच्या वरच्या अंगाला चुलीचे माजघर असे, खालच्या अंगाला गोठा, आणि गोठ्याच्या मधोमध दगडी गटार, जे शेवटच्या भिंतीतील भोकातून बाहेर पडे. उतारामुळे शेण-मूत माजघराकडे न येता आपोआप वाहून जाई. माझ्या मते या रचनेचे खरे शहाणपण त्या गटारातच आहे. धुराडी आणि माड्या बहुधा १६व्या-१७व्या शतकांत आल्या.

उत्तर २: वस्तीचे कारण शेतीत आहे. मध्य इंग्लंडमध्ये सामाईक मोकळ्या शेतांमुळे (मध्ये बांध नसलेली, गावाने मिळून कसायची शेते) गावे एकवटली. डेव्हनची चढउताराची, पावसाळी, गुरांना मानवणारी जमीन मात्र लवकरच बांध घालून स्वतंत्रपणे कसली गेली, त्यामुळे घरही शेतातच राहिले. आपण डार्टमूरवरील हाउंड टॉर या खडकाळ टेकडीजवळची ओस पडलेली मध्ययुगीन वाडी अवश्य पाहावी. तिथे घरांची जोती आजही उघडी दिसतात.