प्रभुभोजनाच्या रविवारी उठून बाहेर जाणं योग्य आहे का?

नगरची_मंडळी
आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. उपदेश संपला की काही जण उठून बाहेर जातात. कुणाचं भावाशी जमिनीवरून वाकडं, कुणाच्या घरात भांडण. "मन शुद्ध नाही, घेतलं तर दंड ओढवेल," म्हणतात. आधार बायबलमधल्या १ करिंथ ११ चा, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा. पण २८ वं वचन आत्मपरीक्षा करायला सांगतं आणि लगेच, मग त्या भाकरीतून खा, असंही सांगतं. परीक्षा मेजाकडे येण्यासाठी आहे. काही माणसं वर्षानुवर्षं बाहेर राहतात आणि त्यांना कुणी विचारत नाही, याचं मला फार दुःख होतं. आणि स्पष्ट बोलायचं तर, बाहेर जाणं ही समेट टाळण्याची सोय होऊन बसली आहे.

निवृत्त_शिक्षिका
"सोय" म्हणणं अन्यायाचं आहे. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू स्वतः सांगतो, अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. करिंथात अयोग्य रीतीने खाल्ल्यामुळे पुष्कळ जण दुर्बळ आणि रोगी झाले, हे १ करिंथ ११ मध्येच ३० व्या वचनात आहे. ते भय आपण घालवून बसलोय. शनिवारी बायकोवर हात उचलणारा रविवारी पहिल्या बाकावरून प्याला घेतो. त्याला कोण अडवणार?

वसईकर
आम्हा कॅथलिकांत याची वाट ठरलेली आहे. गंभीर पाप असेल तर आधी फादरांकडे पापनिवेदन, मग ख्रिस्तशरीर, म्हणजे तुमचं प्रभुभोजन, कम्युनियन. बारीकसारीक दोषांसाठी कुणी अडत नाही, आणि जो घेत नाही तोही मिस्सा, म्हणजे आमची उपासना, संपेपर्यंत बसतो. वर्षातून किमान एकदा पापनिवेदन हा नियम १२१५ च्या लॅटरन इथल्या चर्च-परिषदेपासूनचा. पुढे भीतीपोटी लोक क्वचितच कम्युनियन घेऊ लागले, म्हणून पोप दहावे पायस यांच्या काळात, १९०५ मध्ये, वारंवार, अगदी रोजसुद्धा घ्या, असं रोमने सांगितलं. तुमच्याकडे आरोपी तोच आणि न्यायाधीशही तोच. मग हळवा माणूस स्वतःला कधीच सोडत नाही आणि निगरगट्ट लगेच सुटतो.

नगरची_मंडळी
बाई, त्या नवऱ्याला अडवायलाच हवं, आणि ते काम पाळकसाहेबांचं नि वडीलमंडळाचं. पण बाहेर कोण जातं ते पाहा. तो जात नाही. मार खाल्लेली बायको जाते, "माझ्या मनात राग आहे" म्हणून!

वसईकर, तुमचा शेवटचा मुद्दा खरा आहे. क्षमा करणारा देवच, १ योहान १:९ मला पुरेसं आहे. तरी याकोब ५:१६ पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगतं. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातही, ज्याचं मन स्वतःहून शांत होत नाही त्याने पाळकाकडे येऊन दुःख मोकळं करावं, असं आवाहन आहे. आपण तो दरवाजा का बंद केला?

सोलापूरचा_तरुण
करिंथात नेमकं काय बिघडलं होतं? ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून घेत, गरीब उपाशी राहत. पौल चिडला तो यावर. आपल्या परीक्षेत सिगारेट येते, सिनेमा येतो. सोयरीक जमवताना आधी जात विचारली, ते येतं का? दक्षिणेत तर प्रभुभोजनालाही जातवार वेगळं बसत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतला जातिभेद पूर्ण सोडा असं पत्र काढलं, तेव्हा कित्येकांनी चर्चच सोडलं.

निवृत्त_शिक्षिका
जातीचं पटलं. शनिवारच्या तयारीच्या प्रार्थनेत हा प्रश्न मोठ्याने विचारायला हवा. पण म्हणून परीक्षा सैल करू नका, उलट ती आणखी कडक झाली.

नगरची_मंडळी
कडक असू द्या, पण एकट्याने नको. आठवडाभर आधी जाहीर करा आणि जे मागच्या वेळी उठून गेले त्यांच्या घरी जा.

निवृत्त_शिक्षिका
आठवड्यात काय होणार? भावकीचा दावा कोर्टात वीस वीस वर्षं चालतो. तोवर?

वसईकर
रोम १२:१८: तुमच्याकडून होईल तितकं सगळ्यांशी शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितकं. ज्याने भावाच्या दारात जाऊन हात जोडले आणि भावाने दार लावून घेतलं, त्याला आमचे फादर पापक्षमा देतात आणि रांगेत उभं राहायला सांगतात.

निवृत्त_शिक्षिका
दारात गेला असेल तर माझीही हरकत नाही. माझं भांडण न जाणाऱ्यांशी आहे.