जॉब शेअरचा बुधवार

मंडळी, नमस्कार.

गणपतीची मीटिंग बुधवारी जमणार नाही म्हटल्यावर लगेच विचारणा झाली, "तू तर तीनच दिवस जातेस ना शाळेत?" म्हणून हा खुलासा.

इयर थ्रीचा, म्हणजे सात-आठ वर्षांच्या पोरांचा वर्ग आम्ही दोघी मिळून सांभाळतो. सोमवार ते बुधवार मी, पुढचे दोन दिवस माझी जोडीदारीण. दोघींनी निदान तासभर एकत्र बसायला हवं, पण त्या तासाचे पैसे शाळेकडे नाहीत. मग बुधवारी पोरं गेली की मी तिच्यासाठी वही लिहीत बसते. अपूर्णांक कुणाच्या डोक्यावरून गेले, कुणाचे आईबाबा भेटायला येणार, कुणाचा दात पडला आणि तो कुठल्या पाकिटात ठेवलाय. सहा वाजतात.

इंग्लंडच्या शिक्षण खात्याने अशा लवचीक वेळांसाठी पैसा दिला नाही असं नाही. अॅम्बॅसडर शाळा नेमल्या, त्यांनी बाकीच्यांना सल्ला दिला, वेबिनार घेतले. थोडक्यात, मुहूर्त सरकारने काढून दिला, मांडवाचा खर्च शाळेवर.

– मेधा, लेस्टर

---

मेधा,

शाळेच्या कारभारी मंडळावरचा गव्हर्नर म्हणून नकाराच्या पत्रांवर मीही सह्या केल्यात, तेव्हा बोलतो. 6 एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्याच दिवशी लवचीक वेळांसाठी अर्ज करता येतो, वर्षात दोनदा, आणि दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. पण हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही. "खर्च वाढेल" हे नकाराचं कायदेशीर कारण आहे आणि ते नेहमी हाताशी असतं!

तरी सगळंच पैशावर अडत नाही. शिकवण्याच्या वेळेच्या निदान 10 टक्के वेळ तयारीसाठी मिळतो, तो घरी बसून वापरायला सरकारची ना नाही. डिक्सन्स अकॅडमीज या शाळा चालवणाऱ्या संस्थेने तर सप्टेंबर 2024 पासून शिक्षकांना पंधरवड्यात नऊच दिवस कामाचे ठेवले.

– श्रीकांतकाका

---

काका, सेकंडरीत विषयवार तास असतात, तिथे वेळापत्रक हलवता येतं. माझ्या वर्गातली 29 पोरं दिवसभर एकाच बाईंची. मी उठले की तिथे दुसरं माणूस उभं करावंच लागतं, आणि त्याला पगार लागतो. वेबिनारऐवजी दर बुधवारचा एक तास द्या म्हणावं, वही बंद करते.

तोवर मीटिंग गुरुवारी ठेवता का? चिवडा मी आणते.

– मेधा