शेवट सिनेमावरून उचललेला नाही

कुणीतरी म्हटलंय की क्रेसिडा कॉवेलच्या 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' पुस्तकमालिकेतल्या शेवटच्या 'हाऊ टू फाईट अ ड्रॅगन्स फ्युरी'चा शेवट त्याच मालिकेवरच्या सिनेमावरून ढापलाय, ड्रॅगन्स निघून जातात वगैरे. अहो उलट आहे! हे बारावं पुस्तक २०१५चं आणि तो तिसरा सिनेमा २०१९चा. शिवाय २००३च्या पहिल्याच पुस्तकात म्हातारा झालेला नायक हिकप सांगतो की मी लहान होतो तेव्हा ड्रॅगन्स होते, म्हणजे आता नाहीत हे तिथेच कळतं, फक्त पोरं आणि आपणही ते वाचून सरळ पुढे जातो. बाकी शेवट उदास आहे हे मान्य, पण गुळमुळीत केला असता तर मला जास्त राग आला असता.

भाचीला मोठ्याने वाचून दाखवत होते, तिला सिनेमातला काळा रुबाबदार टूथलेस, म्हणजे हिकपचा ड्रॅगन, माहीत, आणि पुस्तकातला म्हणजे एवढंसं हिरवं, तोतरं बोलणारं, सारखं रुसणारं ध्यान, त्यामुळे सुरुवातीला ती वैतागलीच. पण शेवटच्या भागात तेच जास्त लागतं. आणि फ्युरिअस हा ड्रॅगन, ज्याच्याशी शेवटी लढायचंय, त्याला साखळ्यांतून मोकळं हिकपनेच केलेलं असतं, म्हणून मधले भाग गाळून थेट बारावा वाचणाऱ्यांना ती लढाई नुसती मारामारी वाटते.