मुलांना रोज देवाचे उपकार मानायला कसं शिकवायचं? पाठ केलेली यादी नको वाटते

दोघांची आई

सर्वांना प्रभूच्या नावाने नमस्कार. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा पाचचा. रात्री झोपण्याआधी आम्ही एकत्र प्रार्थना करतो. त्यात प्रत्येकाने त्या दिवशीच्या कुठल्यातरी एका गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानायचे, असा आमच्या घरचा नेम आहे. मुलगी बोलायला लागली तेव्हापासून तो चालू आहे.

सध्या गाडी दोन ठिकाणी अडली आहे. धाकट्याचं रोज एकच चालतं: "आई, बाबा, ताई, घर, जेवण, आमेन." सगळं एका दमात. हात जोडलेले असतात, पण एक डोळा उघडा ठेवून तो ताईकडे बघत असतो. मुलीचं मात्र वेगळं आहे. तिची जिवाभावाची मैत्रीण शाळा सोडून गेली आणि तेव्हापासून तिची पाळी आली की ती गप्प बसते. परवा मी थोडा आग्रह केला तर म्हणाली, "आज चांगलं काहीच झालं नाही. मग काय देवाशी खोटं बोलू?"

सासूबाईंनी तिला जवळ घेऊन समजावलं, की जगात कितीतरी मुलांना दोन वेळचं जेवणसुद्धा मिळत नाही, आपल्याला देवाने किती दिलंय बघ. त्यांनी हे मायेनेच सांगितलं. पण ती रडायलाच लागली. "त्यांना मिळत नाही म्हणून मी थँक्यू म्हणायचं का?" या प्रश्नावर घरात कोणालाच उत्तर सुचलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं, सवय आधी लावावी, अर्थ मागाहून कळतो. मला ते पूर्ण चुकीचं वाटत नाही, पण मनाला पटतही नाही. उपकारस्तुती म्हणजे नुसती चांगली रीत नव्हे ना. आपल्याला जे मिळतं ते कोणाच्यातरी हातून मिळतं, आणि तो हात प्रेमाचा आहे, हे मुलांच्या आत उतरावं असं मला मनापासून वाटतं. तर मुलीला आग्रह करावा, की काही दिवस सोडून द्यावं? आणि धाकट्याची यादी चालू द्यावी का? ज्यांनी घरात हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

नेमाने चालणारा

ताई, तुमच्या यजमानांच्या बाजूने दोन शब्द. एकच गोष्ट रोज म्हटली म्हणून ती पोकळ होते असं नाही. बायबलमधलं १३६ वं स्तोत्र काढून बघा. २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाचा शेवट "त्याची दया सनातन आहे" असाच होतो. पाच वर्षांच्या मुलाने आई, बाबा, ताई, घर, जेवण म्हटलं, तर त्याच्या जगातलं सगळं महत्त्वाचं त्यात आलं की! त्याला थांबवू नका. फार तर हलकेच विचारा, "आज ताईने काय केलं?" मग ताईच्या नावापुढे काहीतरी येईल. आमच्याकडे असंच झालं होतं. आधी नुसतं नाव यायचं, मग नावामागची गोष्ट यायला लागली. उघड्या डोळ्याचं मनावर घेऊ नका.

मोठ्या मुलीबद्दल माझ्यापेक्षा अनुभवी लोक सांगतील.

रविवारची शिक्षिका

ताई, मी बरीच वर्षं मंडळीच्या संडे स्कूलमध्ये शिकवते आहे आणि माझी स्वतःची तीन मुलंही आता मोठी झाली आहेत. तुमच्या मुलीचे दोन्ही प्रश्न वाचून मला तिचा फार आदर वाटला. देवाशी खोटं बोलायचं नाही, हे तिला कोणीतरी नीट शिकवलंय. ते तुम्हीच शिकवलेलं असणार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही, खोटं बोलायचं नाही. तिच्याबरोबर १३ वं स्तोत्र वाचा. अवघ्या सहा वचनांचं आहे. सुरुवातच "कोठवर?" अशी होते. देवा, तू मला विसरलास का, तोंड का लपवतोस, असं स्तोत्र रचणारा दावीद राजा थेट विचारतो आणि शेवटी देवाने आपल्यावर उपकार केले म्हणून गातोही. पण शेवटाकडे जायची घाई करू नका. ८८ वं स्तोत्र तर अखेरपर्यंत अंधारातच राहतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे गाऱ्हाणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे. तिला सांगा, "आज उपकार मानावेसे वाटत नसतील तर मैत्रीण गेल्याचं दुःख देवाला सांग. आम्ही ऐकतो." तिची पाळी चुकवू नका. त्या पाळीत काय बोलायचं ते मात्र तिचं तिला ठरवू द्या.

"सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे वचन लहान मुलांवर फार सहज फेकलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते प्रेषित पौलाने लिहिलं, आणि थेस्सलनीका शहरातल्या ज्या विश्वासणाऱ्यांना लिहिलं ते छळ सोसत होते. त्याच पत्रात तो त्यांच्या दुःखाबद्दल बोलतो, त्यांना भेटायची आपली तळमळ सांगतो, त्यांची खबर कळेना म्हणून जीव राहिना आणि मी माझा सोबती तीमथ्य याला पाठवलं, असंही लिहितो. स्वतःचं मन असं मोकळं करणाऱ्या माणसाचं ते वाक्य आहे. मैत्रीण गेलेल्या मुलीला गप्प करण्यासाठी ते नाही.

आता तिचा दुसरा प्रश्न. तो जास्त खोल आहे. तुमच्या सासूबाईंचा हेतू चांगलाच होता, आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी असंच शिकवलं गेलं. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मंदिरात प्रार्थना करणारा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, आहे ना, त्याची प्रार्थना पुन्हा वाचा. तो देवाचे आभारच मानतोय! मी इतर माणसांसारखा नाही, लोक पापी समजतात त्या या जकातदारासारखा तर नाहीच, म्हणून आभार. आणि प्रभू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. दुसऱ्याच्या कमतरतेवर उभी असलेली उपकारस्तुती प्रभूला मान्य नाही, हे याहून स्पष्ट कुठे सांगितलेलं मला माहीत नाही. तुमच्या मुलीला हे न वाचताच कळलं. उपाशी मुलांची आठवण झाली तर त्यांच्यासाठी मागायचं, शक्य असेल ते द्यायचं. त्यांच्याकडे बघून स्वतःला नशीबवान म्हणवून घ्यायचं नाही. सासूबाईंनाही हे प्रेमाने सांगता येईल. त्यांनाच तो उतारा मुलांना वाचून दाखवायला सांगा, म्हणजे त्यांचा मानही राहील.

आग्रहाबद्दल. दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण मुलांना नेहमी "नऊ वाईट, एक चांगला" अशी सांगतो. वर्गात मी ती जरा सावकाश सांगते. दहाही जण लांब उभे राहून ओरडले. प्रभूने त्यांना याजकांकडे जायला सांगितलं आणि वाटेत जाता जाता ते शुद्ध झाले. एकटा परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला, मोठ्याने देवाचं गौरव करत. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं प्रभूने विचारलं. त्याला वाईट वाटलं, हे मुलांपासून लपवू नये. पण नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं असं गोष्टीत कुठेही नाही. वर्गातल्या एका छोट्याने विचारलं होतं, "मग त्यांना परत रोग झाला?" नाही रे बाळा, नाही झाला. हे ऐकून त्याचा चेहरा जो सुटला तो मी विसरणार नाही. आभार मानले नाहीत तर देव दिलेलं परत घेईल, ही भीती कितीतरी मुलांच्या पोटात असते आणि आपल्याला पत्ताही नसतो. तुमच्या मुलीच्या गप्प बसण्यामागे अशी काही भीती आहे का, तेवढं एकदा विचारून बघा.

आणि एक. उपकार मानताना मुलांनी मोठ्यांना ऐकलं पाहिजे, तेही नेमकं. "सगळ्याबद्दल धन्यवाद" याने मुलाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. माझ्या मधल्या मुलाने एकदा धाकट्या बहिणीच्या बुटाची सुटलेली लेस बांधून दिली, न सांगता, शाळेला उशीर होत असताना. रात्री मी त्याच्यासमोर देवाला म्हटलं, "प्रभू, आज याने गुडघ्यावर बसून लेस बांधली त्याबद्दल तुझे उपकार." तो लाजून उशीत तोंड घालून बसला. पण दुसऱ्या रात्री त्याने पहिल्यांदा वर्गातल्या एका मुलाचं नाव घेऊन आभार मानले: त्या मुलाने त्याला स्वतःचं खोडरबर अर्धं तोडून दिलं होतं.

माणसांचे आभार माणसांपर्यंत पोचवणंही यातच आलं. रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय नावांची यादी म्हणून आपण ओलांडून पुढे जातो. त्यात पौल सांगतो, की प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, मी त्यांचा आभारी आहे. देवाचे आभार मानणारा माणूस माणसांची नावं विसरत नाही. तुमची मुलगी त्या दूर गेलेल्या मैत्रिणीला पत्र लिहील का? "तू माझ्यासाठी हे केलं होतंस" असं एखादं वाक्य असलेलं? उपकारस्तुती आणि दुःख एकाच कागदावर मावतात. तिला ते जमेल असं मला वाटतं. नसेल लिहायचं तर राहू द्या.

समुपदेशक, दोन मुलींचा बाबा

वरचं उत्तर वाचून फार आनंद झाला. माझ्या कामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

या विषयावर संशोधन आहे, पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो यांचा २००३ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यातल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदा, असे १० आठवडे, कृतज्ञ वाटलेल्या गोष्टी लिहिल्या. आपल्या एकंदर आयुष्याबद्दल त्यांना इतरांपेक्षा बरं वाटलं. ते कॉलेजचे विद्यार्थी होते. २००८ मध्ये जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांनी सहावी-सातवीच्या २२१ मुलांवर दोन आठवड्यांचा असाच प्रयोग केला, त्यातही आशावाद आणि समाधान वाढलेलं दिसलं. पण पाच वर्षांच्या मुलाला याचं माप लावू नका. इतक्या लहान मुलाला वस्तू दिसते. ती देणाऱ्याने आपल्यासाठी काही सोसलं, हे कळायला वय जावं लागतं. त्याची यादी त्याच्या वयाला साजेशीच आहे.

रोजचा नेम जड होत असेल तर मुलीसाठी तो आठवड्यातून एकदा करून बघा. माझ्या थोरलीला रोज विचारलेलं आवडत नसे, रविवारी मात्र ती भरभरून बोलायची. आणि दुःखाच्या काळात "यातलं चांगलं काय ते बघ" हे वाक्य निदान काही आठवडे घरात कोणीच उच्चारू नये. ते ऐकलं की मूल आपलं दुःख आपल्यापासून लपवायला शिकतं.

दोघांची आई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री १३ वं स्तोत्र वाचलं. मुलीने विचारलं, "दावीद देवाला असं बोलला तरी देव रागावला नाही?" मग ती बराच वेळ मैत्रिणीबद्दल बोलली. आभार मानले नाहीत आणि मी विचारलंही नाही. भीतीबद्दल मात्र विचारलं. शिक्षिकाताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला. मैत्रीण जायच्या आदल्या रात्री ती झोप आली म्हणून प्रार्थनेला उठली नव्हती, आणि त्यामुळेच मैत्रीण गेली असं तिने मनात धरलं होतं. मी तिला घट्ट धरून सांगितलं, की असं अजिबात नाही. मग त्या नऊ जणांची गोष्ट सांगितली. ती आज पुन्हा सांग म्हणाली आहे.

पत्राला ती तयार आहे. आता एक छोटी गोष्ट विचारायची राहिली. आपल्या घरावर झालेले उपकार एका वहीत लिहून ठेवावेत असं नवऱ्याच्या मनात आहे. मुलांचं ते ओझं होऊ नये म्हणून काय करावं?

रविवारची शिक्षिका

ताई, तिने हे तुम्हाला सांगितलं, याबद्दल मीच आज देवाचे उपकार मानले. ही गोष्ट तिला पुन्हा पुन्हा सांगावी लागेल, एकदा सांगून अशी भीती जात नाही. कंटाळू नका.

वही जरूर करा. यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोकांना यार्देन ओलांडल्यावर नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला सांगितलं आहे, कशासाठी? तर पुढे मुलं विचारतील, हे धोंडे कसले, तेव्हा त्यांना सांगता यावं म्हणून. म्हणजे मोठ्यांनी मांडून ठेवायचं आणि मुलांनी विचारायचं. तुम्हीही तसंच करा. वही तुम्ही दोघांनी लिहा, तारीख आणि एक-दोन ओळी, जेव्हा काही घडेल तेव्हा. मुलांच्या हाताला येईल अशा जागी ठेवा. त्यांना लिहावंसं वाटलं तर लिहू द्या, धाकट्याला चित्र काढू द्या, आणि त्यांचं शुद्धलेखन तपासू नका. कठीण दिवसही लिहा. मैत्रीण गेली तो दिवस लिहायचा का, हे मात्र मुलीला विचारून ठरवा. ती हो म्हणाली तर शक्यतो तिच्याच शब्दांत लिहा, आणि त्याखाली मोकळी जागा सोडा. पुढे पत्राचं उत्तर आलं तर तिथेच चिकटवता येईल.