नैसर्गिक भार म्हणजे लाइनची क्षमता का?

प्रश्न: ‘४०० केव्ही लाइनचा नैसर्गिक भार सुमारे ५०० मेगावॉट’ असं वाचलं. म्हणजे त्याहून जास्त वीज त्या लाइनवरून नेता येत नाही का?

उत्तर १: येते की! लाइनवर नुसतं व्होल्टेज असलं तरी तारांच्या कपॅसिटन्समुळे व्हार (प्रतिक्रियात्मक शक्ती, म्हणजे काम न करता मागेपुढे फिरणारी वीज) तयार होत राहतात. करंट वाहू लागला की तारांचा इंडक्टन्स व्हार खातो, तोही करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. ज्या भाराला हा हिशेब बरोबरीत सुटतो, तो नैसर्गिक भार. सूत्र सोपं: व्होल्टेजचा वर्ग भागिले सर्ज इम्पीडन्स (तारांच्या इंडक्टन्स-कपॅसिटन्सच्या गुणोत्तरातून येणारा, ओहममध्ये मोजायचा आकडा). दर फेजला दोन कंडक्टर असलेल्या ४०० केव्ही लाइनचा सर्ज इम्पीडन्स ३०० ओहमच्या आसपास, म्हणून ५०० च्या घरातला आकडा. गंमत म्हणजे लांबी यात कुठेच नाही. पण आखूड लाइनवर याच्या दीडपट भार सहज चालतो, कारण तिथे आडवी येते ती तारा तापण्याची मर्यादा. शेकडो किलोमीटरच्या लाइनवर मात्र व्होल्टेज आणि स्थिरता आधीच हात धरतात.

उत्तर २: सबस्टेशनात ‘नैसर्गिक भार’ कुणी म्हणत नाही, ‘एसआयएल’च (सर्ज इम्पीडन्स लोडिंग) म्हणतात. ‘प्रतिक्रियात्मक शक्ती’ही पुस्तकातच. फोनवर ऐकू येतं ते ‘व्होल्टेज चढलंय, रिअ‍ॅक्टर घ्या’, म्हणजे जादा व्हार खाणारी कॉइल जोडा. मराठीच हवं तर ‘संतुलित भार’ का नको?

उत्तर १: नको. त्यावरून तिन्ही फेजवर सारखा भार असाच अर्थ लागेल. ‘नैसर्गिक’ चालेल, फक्त पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात खुलासा हवा. आणि व्होल्टेज चढतं ते याच हिशेबाने: रात्री भार एसआयएलच्या खाली गेला की व्हार उरतात. ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद झाले, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने उतरली. व्होल्टेज आवरायला रिअ‍ॅक्टरची तयारी आधीच करावी लागली होती.

प्रश्न: मग चंद्रपूर–पडघे लाइनचा एसआयएल किती?

उत्तर २: ती ५०० केव्हीची डीसी लाइन, साडेसातशे किलोमीटर, १५०० मेगावॉट. डीसीला एसआयएल लावत नाहीत. व्हार लागतात ते दोन्ही टोकांच्या, एसी-डीसी बदलणाऱ्या कन्व्हर्टरना, आणि ते चांगलेच लागतात.