छातीची गाठ काढायचीय, व्हेझरचे 1 लाख 15 हजार सांगितलेत, द्यावेत का?

सिन्नरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. वय 24. आठवीपासून छाती बायकांसारखी दिसते, गायनेकोमॅस्टिया म्हणतात ते. 11 किलो वजन उतरवलं तरी तिथलं काही गेलं नाही, मे महिन्यात पण शर्टावर जाड जॅकेट घालून फिरतो. दोन ठिकाणी दाखवलं, एक म्हणाले साध्या लायपोने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायला, 65 हजार, दुसरे म्हणाले व्हेझर मशीन आहे, 1 लाख 15 हजार. पगार 22 हजार आहे हो, मशीनने खरंच एवढा फरक पडतो का?

कोथरूडकर:
भावा, माझं दोन वर्षांपूर्वी झालंय. आधी निप्पलच्या मागे चिमटीत धरून बघ, सुपारीसारखी कडक चकती लागते का. लागली तर ती ग्रंथी, आणि ती कापूनच काढावी लागते, काळ्या गोलाच्या खालच्या कडेला छोटा छेद देऊन. व्हेझर चरबीसाठी. मला 70 हजार सांगितले होते पण बिलात 18 टक्के जीएसटी, रक्ताच्या टेस्ट, ऑपरेशननंतर छातीवर घालायचं घट्ट प्रेशर जॅकेट सगळं वरून लागलं. कोटेशन लेखीच घे, त्यात ग्रंथी काढणं धरलंय का ते आधी विचार.

ओटी_सिस्टर:
दादा, मी 12 वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये आहे म्हणून सांगते. आधी सलाईनमध्ये अ‍ॅड्रेनालिन आणि लिग्नोकेन घालून ते छातीत भरतात, त्याने रक्त कमी जातं. मग साधी कॅन्युला, म्हणजे चरबी ओढायची नळी, सर्जन हाताने फिरवतात, पॉवरवाली असेल तर ती स्वतः थरथरते आणि हात कमी दमतो. व्हेझरमध्ये अल्ट्रासाउंडने चरबी सैल करून मग ओढतात, चिवट चरबीला किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल तर उपयोग होतो, पण हात बसलेला नसेल तर कातडी भाजू शकते. म्हणून डॉक्टरांची एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही डिग्री आहे का बघा, भूलतज्ज्ञ वेगळे आहेत ना विचारा, आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवायला सांगाच, पुरुषांनाही ब्रेस्ट कॅन्सर होतो, क्वचित होतो पण होतो. हार्मोनच्या टेस्ट झाल्यात का? जिममध्ये कसली इंजेक्शनं घेतली असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका.

मीरारोड_88:
इन्शुरन्सवर विसंबू नकोस, बहुतेक वेळा कॉस्मेटिक म्हणून क्लेम नाकारतात. पैशाची ओढाताण असेल तर पुण्यात ससून, मुंबईत केईएम, दोन्हीकडे प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, हेलपाटे घालावे लागतील पण खर्च खूप कमी. कर्ज काढून घाई करू नको रे.

सिन्नरचा_पोरगा:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकी वर्षं कुणाशी बोललोच नव्हतो. चिमटीत धरून बघितलं, दोन्हीकडे कडक लागतंय, डावीकडे जास्त. टेस्ट कुणीच सांगितल्या नव्हत्या, सोमवारी करतो आणि 65 हजारवाल्यांना ग्रंथीचं विचारतो. ते प्रेशर जॅकेट रात्री पण घालायचं का?

कोथरूडकर:
हो, मला सहा आठवडे सांगितलं होतं, दिवसरात्र, फक्त आंघोळीला काढायचं. मी आळस केला आणि उजवीकडे पाणी साचलं, सुईने दोनदा काढावं लागलं. दोन जॅकेट घे, एक धुवायला टाकलं की दुसरं अंगावर.