प्रतिसाद: नुकसान वायूला पळवतं तसंच अडकवतंही

वर एकांनी लिहिलंय की किरणोत्सर्गाने अणुभट्टीतल्या इंधनाच्या गोळीत (पेलेटमध्ये) पोकळ्या पडतात, म्हणजे आत तयार होणारा वायू भराभर बाहेर पडणार. हे अर्धंच खरं आहे. युरेनियम डायऑक्साइडमध्ये, म्हणजे या इंधनात, दर 100 विखंडनांमागे (अणुकेंद्र फुटण्यामागे) झेनॉन-क्रिप्टॉन या वायूंचे साधारण 25 ते 30 अणू तयार होतात आणि ते त्या स्फटिकात जवळपास विरघळतच नाहीत. साधारण 1000 अंश सेल्सिअसच्या खाली त्यांना हलवतात ते विखंडनाचे तुकडे (फुटलेल्या अणुकेंद्राचे वेगाने सुटलेले भाग), त्यामुळे तिथला वेग तापमानापेक्षा विखंडनाच्या दरावर ठरतो. इथवर मुद्दा मान्य.

पण त्याच रिकाम्या जागांत झेनॉन साचून एक-दोन नॅनोमीटरचे बुडबुडे होतात आणि वायू तिथेच अडकतो. आणि खरी कमाल पुढे आहे: शेजारून गेलेला विखंडनाचा तुकडा असा बुडबुडा फोडतो, त्यातले अणू परत स्फटिकात भिरकावतो! अडकणं, सुटणं, पुन्हा अडकणं. गोळी ज्या बारीक स्फटिक-कणांची बनलेली असते, त्यातल्या एका कणाच्या सीमेपर्यंत पोचायलाच एवढा खटाटोप; तिथले बुडबुडे एकमेकांना जोडले गेले की मगच बाहेरची वाट मोकळी होते. म्हणून अणुभट्टीबाहेर, जिथे विखंडन चालू नसतं अशा साध्या भट्टीत नमुना तापवून मोजलेला विसरण गुणांक (वायूचे अणू स्फटिकात किती वेगाने पसरतात त्याचं माप) जसाच्या तसा वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.